पूल हा क्रीडाप्रकार की नुसता टाइमपास? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका वाक्यात उत्तर द्यायचं तर?

नियमांनुसार, सराव करून, स्पर्धेसाठी खेळला जाणारा पूल, म्हणजे क्यू या लांब काठीने पांढऱ्या बॉलला फटका देऊन बाकीचे बॉल टेबलाच्या पॉकेटांत, कडेच्या भोकांत, टाकण्याचा खेळ, हा पक्का क्रीडाप्रकार आहे. शनिवारी रात्री मित्रांबरोबर अर्ध्या तासासाठी टेबल घेतलं आणि जमतील तसे शॉट मारले, तर तो विरंगुळा. त्यात कमीपणा काहीच नाही. सोसायटीच्या आवारातलं क्रिकेट आणि रणजीचा सामना यांतला फरक आपल्याला कुणी समजावून द्यावा लागत नाही. पूलच्या बाबतीत मात्र बहुतेकांनी फक्त पहिलाच प्रकार पाहिलेला असतो, म्हणून वाद होतो.

पण घाम कुठे येतो? धावपळ नाही, दम लागत नाही. मग क्रीडाप्रकार कसला?

घाम ही कसोटी धरली तर नेमबाजी आणि तिरंदाजीलाही बाहेर काढावं लागेल. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने त्याला डोक्यावर घेतलं. तो धावला किती, हे कुणी विचारलं नाही. शरीर स्थिर ठेवणं हे शरीर पळवण्याइतकंच अवघड असतं, हे नेमबाजीत आपल्याला पटतं. तेच पूलमध्येही पटायला हरकत नसावी.

माझी कसोटी वेगळी आहे. निकाल खेळाडूच्या स्वतःच्या शरीराच्या कौशल्यावर ठरतो का, एवढंच पाहायचं. बुद्धिबळात ग्रँडमास्टरने नुसती खेळी सांगितली आणि सोंगटी दुसऱ्या कुणी सरकवली, तरी डाव तोच राहतो. पूलमध्ये हे होऊच शकत नाही. जगातला सर्वोत्तम खेळाडू तुमच्या शेजारी उभा राहिला, बॉलला नेमका कुठे आणि किती जोरात फटका द्यायचा हे बोट ठेवून दाखवलं, तरी बॉल पॉकेटमध्ये जाईल याची काही खात्री नाही. काय करायचं हे डोक्याला कळलेलं असतं, पण हाताला ते जमवायला वर्षं लागतात.

हे किती बारीक काम आहे ते आकड्यांत पाहू. पूलच्या बॉलचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे साधारण ५७ मिलिमीटर. स्पर्धेच्या टेबलाच्या कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साधारण साडेचार इंच, म्हणजे दोन बॉल शेजारी शेजारी मावतील एवढं. ऐकायला ऐसपैस वाटतं. आता एक बॉल पॉकेटपासून चार फुटांवर आहे, पांढरा बॉल त्याच्यामागे आणखी चार फुटांवर, आणि शॉट अगदी सरळ आहे असं समजा. भूमितीने हिशेब मांडला तर पांढरा बॉल समोरच्या बॉलला जिथे लागायला हवा, तिथून दोन्ही बाजूंना जेमतेम सव्वा मिलिमीटरची मुभा मिळते. कोनात सांगायचं तर एका अंशाचा पंधरावा-सोळावा भाग. क्यू मागे घेताना कोपर किंचित बाहेर गेलं, श्वास अडला, मान जराशी उचलली, तरी तेवढी चूक होऊन जाते. आणि हा सोपा, सरळ शॉट झाला. कट, म्हणजे बॉलच्या बाजूला लागणारा तिरका फटका, जितका पातळ, तितकी मुभा कमी.

म्हणूनच चांगला खेळाडू प्रत्येक शॉटला पाय त्याच जागी, तसेच ठेवतो. हनुवटी क्यूच्या अगदी जवळ, पुढच्या हाताचा आधार टेबलावर घट्ट, मागच्या हाताची पकड सैल, आणि कोपराखालचा हात लंबकासारखा. डोकं बॉल पडेपर्यंत हलवायचं नाही. हे तासन्‌तास, कंबरेत वाकून, दर वेळी जसंच्या तसं करायचं. मोठ्या स्पर्धेत दिवसभर सामने खेळलेल्या माणसाला पाठ आणि मान यांबद्दल विचारा, घामाचा प्रश्न आपोआप मागे पडेल.

नशिबाचा भाग किती असतो?

असतो, पण वाटतो तितका नाही. शिवाय तो पूलच्या प्रकारावर अवलंबून आहे. नाइन-बॉलमध्ये सगळ्यात लहान आकड्याच्या बॉलला आधी स्पर्श केला की मग कुठलाही बॉल कुठल्याही पॉकेटमध्ये पडला तरी चालतो, त्यामुळे तिथे चुकून पडलेला बॉलही वैध ठरतो. टेन-बॉलमध्ये कोणता बॉल कुठे टाकणार हे आधी सांगावं लागतं. एट-बॉलच्या अधिकृत नियमांतही तसंच आहे. ब्रेकच्या, म्हणजे रचलेले बॉल फोडणाऱ्या पहिल्या शॉटच्या, वेळी मात्र बॉल कसे फुटतील हे कुणाच्याच पूर्ण हातात नसतं, आणि म्हणूनच स्पर्धेत एका रॅकवर, म्हणजे बॉल एकदा रचून खेळलेल्या एका डावावर, निकाल लावत नाहीत. आधी नऊ किंवा अकरा रॅक जिंकेल तो विजयी, असं ठरलेलं असतं. रॅक वाढले की नशीब दोन्ही बाजूंना वाटलं जातं आणि कौशल्य वर येतं.

नशिबाचा मुद्दा काढणाऱ्यांना मी स्ट्रेट पूलचे विक्रम सांगतो. यात प्रत्येक शॉट आधी जाहीर करायचा आणि चुकेपर्यंत बॉल टाकत राहायचं. चौदा बॉल संपले की ते पुन्हा रचायचे आणि उरलेल्या पंधराव्या बॉलपासून डाव पुढे न्यायचा. अमेरिकेच्या विली मॉस्कोनीने १९५४ साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये एका प्रदर्शनी सामन्यात एकही न चुकता सलग ५२६ बॉल टाकले. तो आकडा साठ वर्षांहून जास्त काळ टिकला. २०१९ साली जॉन श्मिटने ६२६ आणि २०२२ साली स्कॉटलंडच्या जेसन शॉने ७१४ बॉल टाकले. सलग सातशे वेळा नशीब कुणाला साथ देत नाही.

जागतिक क्रीडा संघटना पूलला काय मानतात?

क्रीडाप्रकार मानतात. पूलची जागतिक संघटना १९८७ साली स्थापन झाली. पूल, स्नूकर आणि कॅरम बिलियर्ड्स (पॉकेट नसलेल्या टेबलावरचा खेळ, आपला कॅरम नव्हे) या तिन्ही शाखांना एकत्र आणणारा जागतिक महासंघ १९९२ साली उभा राहिला आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९८ साली त्याला मान्यता दिली. २००१ साली जपानमधल्या अकिता इथे झालेल्या वर्ल्ड गेम्सपासून, म्हणजे ऑलिंपिकबाहेरच्या खेळांच्या जागतिक स्पर्धेपासून, क्यूचे खेळ तिथे आहेत. आशियाई क्रीडा स्पर्धांमध्ये १९९८ च्या बँकॉकपासून २०१० च्या ग्वांगझूपर्यंत ते होते.

त्याहून महत्त्वाची वाटते ती आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघांच्या पूर्वीच्या एकत्रित संस्थेची, स्पोर्टअ‍ॅकॉर्डची व्याख्या. तिच्या अटी अशा: स्पर्धा हवी, खेळ ठरवून घातलेल्या नशिबावर अवलंबून नको, खेळाडूंच्या जिवाला अवाजवी धोका नको, प्राण्यांना इजा नको आणि साहित्य एकाच उत्पादकाच्या मुठीत नको. मग याच संस्थेने क्रीडाप्रकारांचे पाच गट केले: मुख्यतः शारीरिक, मुख्यतः बौद्धिक, यंत्रावर चालणारे, प्राण्यांच्या साथीने होणारे आणि मुख्यतः समन्वयाचे. डोळा आणि हात यांच्या समन्वयाच्या गटाला उदाहरण म्हणून त्यांनी बिलियर्ड्सचंच नाव दिलं होतं. पूल शारीरिक की बौद्धिक, या भांडणावरचं याहून नेमकं उत्तर माझ्या वाचनात आलेलं नाही.

ऑलिंपिकमध्ये नाही ना पण?

नाही. पण क्रिकेट १९०० साली पॅरिसमध्ये एकदा खेळलं गेलं आणि त्यानंतर थेट २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी निवडलं गेलं. मधल्या काळात तो क्रीडाप्रकार नव्हता, असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं. तिथे कबड्डीला अजून पदक नाही. ऑलिंपिकची यादी प्रेक्षक, यजमान आणि जागा यांच्या गणितावरही ठरते.

न्यायालयात असा प्रश्न कधी गेला आहे का?

पूलचा नव्हे, पण पत्त्यांच्या ब्रिजचा गेला आहे. इंग्लंडच्या ब्रिज संघटनेला स्पर्धांच्या प्रवेश शुल्कावर करसवलत हवी होती आणि त्यासाठी ब्रिज हा क्रीडाप्रकार ठरायला हवा होता. प्रकरण युरोपीय महासंघाच्या न्यायालयापर्यंत पोहोचलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये निकाल लागला: या करसवलतीपुरतं पाहता, ज्यात शारीरिक भाग नगण्य नाही तोच क्रीडाप्रकार. ब्रिज त्यात बसला नाही.

मला हा निकाल पूलच्या बाजूचा वाटतो. न्यायालयाने दम लागण्याची अट घातली नाही. शारीरिक भाग नगण्य नसावा, एवढंच म्हटलं. पत्ता कसा टाकला याने ब्रिजमध्ये काही बिघडत नाही. पूलमध्ये बॉल कसा मारला यावरच सगळं उभं आहे.

भारत सरकारची भूमिका काय?

हा प्रश्न आला की मला मनापासून बोलावंसं वाटतं, कारण या टेबलावर आपल्या देशाने जे कमावलं आहे ते फार थोड्यांना माहीत असतं.

कोणत्याही खेळात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय म्हणजे विल्सन जोन्स. जन्म पुण्याचा, १९२२ चा. १९५८ साली कलकत्त्यात त्यांनी हौशी बिलियर्ड्सचं जागतिक अजिंक्यपद जिंकलं आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये पुन्हा जिंकलं. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, पद्मश्री मिळाली आणि पुढे प्रशिक्षक म्हणून द्रोणाचार्यही. पुण्यात किती जणांना हे नाव ओळखीचं आहे?

मग मुंबईचे मायकेल फरेरा. १९७७, १९८१ आणि १९८३ चे जागतिक हौशी विजेते. १९८१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्यांनी ती नाकारली. सुनील गावसकरांना पद्मभूषण मिळतं, तर जागतिक विजेत्याला का नाही, असा त्यांचा सवाल होता. १९८३ साली त्यांना पद्मभूषण देण्यात आलं. आपण ज्या प्रश्नाची चर्चा करतो आहोत, तो त्यांनी थेट सरकारपुढे मांडला होता आणि उत्तर मिळवलं होतं.

आणखी एक गोष्ट. खेलरत्न हा देशाचा सर्वोच्च क्रीडा सन्मान सुरू झाला तेव्हा पहिला मान बुद्धिबळपटू विश्वनाथन आनंदला मिळाला आणि दुसरा, १९९२-९३ चा, बिलियर्ड्सपटू गीत सेठींना. म्हणजे आरंभीचे दोन्ही मानकरी असे, ज्यांच्या खेळाला ‘हा कसला खेळ’ म्हणून हिणवलं जातं. पुढे पंकज अडवाणीलाही खेलरत्न मिळालं. त्याचाही जन्म पुण्याचाच, वाढला बंगळूरमध्ये.

व्यवहाराचं विचाराल, तर केंद्र सरकारच्या गुणवान खेळाडूंच्या भरतीसाठीच्या खेळांच्या यादीत बिलियर्ड्स आणि स्नूकर आहे. त्याच यादीत आपली आट्यापाट्या आहे, कॅरम आहे आणि ब्रिजसुद्धा आहे. राज्याच्या सवलतींसाठी, दहावी-बारावीच्या वाढीव गुणांसाठी वगैरे, मात्र त्या त्या वर्षाचा शासन निर्णय आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय हाच आधार धरा. ऐकीव माहितीवर मुलांचं वर्ष पणाला लावू नका.

ही सगळी नावं बिलियर्ड्स-स्नूकरची आहेत. पूल त्यात कुठे बसतो?

रास्त शंका आहे. बिलियर्ड्स तीन बॉलांनी खेळतात, स्नूकर बावीस बॉलांनी, दोन्ही बारा फुटी टेबलावर. पूलचं स्पर्धेचं टेबल नऊ फुटी, बॉल थोडे मोठे, पॉकेटं रुंद. स्नूकर तर आपल्याच मातीत जन्मलं: १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने ते सुरू केलं, आणि नियम उटीच्या क्लबात लिहून लावले गेले. पूल अमेरिकेत घडला. पण उभं राहणं, क्यू चालवणं आणि पांढऱ्या बॉलवर ताबा ठेवणं हे तिन्हीकडे एकच आहे. आपल्याकडे तिन्ही एकाच राष्ट्रीय महासंघाखाली येतात आणि राष्ट्रीय स्पर्धांमध्ये पूलचेही गट असतात. खेळाडू इकडून तिकडे जातात. इंग्लंडची अ‍ॅलिसन फिशर महिलांची स्नूकरची सात वेळा जगज्जेती होती. १९९५ साली ती अमेरिकेत गेली आणि पूलमध्येही अव्वल ठरली.

रुंद पॉकेटं म्हणजे सोपा खेळ, हा स्नूकरवाल्यांचा लाडका टोमणा. बॉल टाकणं सोपं होतं हे खरं. पण पूलच्या लहान टेबलावर बॉलांच्या गर्दीतून पांढरा बॉल वाट काढत पुढच्या शॉटच्या जागी आणायचा असतो, आणि एक चूक झाली की समोरचा अख्खा रॅक साफ करून जातो. चूक करायला तिथे जागा कमी असते.

यात उत्तेजक द्रव्यांची चाचणी होते, हे खरं?

खरं आहे. जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या यादीत बीटा ब्लॉकर या औषधांवर काही ठरावीक खेळांतच बंदी आहे. नेमबाजी, तिरंदाजी, गोल्फ, डार्ट्स आणि त्यांच्याबरोबर बिलियर्ड्सच्या सगळ्या शाखा, म्हणजे पूलही. ही औषधं हृदयाचे ठोके मंदावतात आणि हाताचा कंप कमी करतात. धावणाऱ्याचं त्याने नुकसानच होईल, क्यू धरणाऱ्याचा मात्र फायदा. कॅनडाचा स्नूकरपटू बिल वर्बेनिक हाताच्या कंपामुळे हे औषध घेत असे आणि १९८० च्या दशकात त्यावर बंदी आली तेव्हा त्याची कारकीर्दच अडली. शरीराचा संबंध नसता, तर शरीरावर परिणाम करणाऱ्या औषधावर बंदी घालायची गरजच पडली नसती. रक्तदाबाचं औषध घेणाऱ्या खेळाडूने स्पर्धेत उतरण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

पूल पार्लर म्हणजे जुगाराचा अड्डा, असं घरचे म्हणतात. काय सांगू?

घरच्यांची काळजी खोटी आहे असं सांगू नका. काही ठिकाणी फ्रेमवर, म्हणजे एकेका डावावर, पैसे लागतात, धुराने दम कोंडतो, आणि तिथे पंधरा वर्षांच्या मुलाला मीही पाठवणार नाही. पण दोष जागेचा आहे. पत्त्यांप्रमाणे इथे हातात काय येईल यावर निकाल ठरत नाही. महाराष्ट्राच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातच कलम १३ आहे, जे निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्या कायद्यातून वगळतं. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला प्रकरणात जुगार आणि कौशल्याची स्पर्धा यांच्यातली रेघ स्पष्ट केली. कुणी बाजूला उभं राहून पैजा लावत असेल तर तो व्यवहार वेगळा. पैजा क्रिकेटवरही लागतात, म्हणून मुलांच्या हातून बॅट कुणी काढून घेत नाही.

आई-वडिलांनी एकदा स्वतः जाऊन बसावं. शिकवणारं कुणी आहे का, नियम फळ्यावर लावलेत का, मुली येतात का, हे अर्ध्या तासात दिसतं. मुंबई-पुण्याच्या जुन्या जिमखान्यांमध्ये टेबलं आहेत, पण सभासदत्व सगळ्यांना परवडत नाही, आणि या खेळाची खरी अडचण ती आहे. शाळा-महाविद्यालयांच्या क्रीडागृहात टेबल टेनिसच्या शेजारी एक पूलचं टेबल असावं, ही माझी जुनी इच्छा आहे. जागा फार लागत नाही आणि पावसाळ्यात सराव बुडत नाही.

किती वयापर्यंत खेळता येतो?

डोळे आणि कंबर साथ देतील तोवर. फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस, ज्याला सगळे जादूगार म्हणतात, १९९९ साली नाइन-बॉलचा जगज्जेता झाला तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता, आणि साठी उलटल्यावरही देशासाठी खेळत होता. सुरुवात मात्र लवकर केलेली बरी, म्हणजे उभं राहण्याची सवय अंगात मुरते.

माझा खेळ टाइमपासच्या पुढे गेला, हे कसं ओळखायचं?

तीन-चार खुणा आहेत. एकटं खेळायला कंटाळा येत नाही. अवघड, टाळ्याखाऊ शॉटपेक्षा साधा, सरळ शॉट शंभरदा मारावासा वाटतो. बॉल पडला तरी पांढरा बॉल हव्या त्या जागी आला नाही म्हणून मन खट्टू होतं. आणि तुम्ही पार्लरचे नियम सोडून अधिकृत नियमांनी खेळू लागता. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी फाउल झाला की समोरच्याला दोन शॉट देतात, किंवा पांढरा बॉल रेषेमागूनच मारायला लावतात. अधिकृत एट-बॉलमध्ये बहुतेक फाउलनंतर समोरचा पांढरा बॉल टेबलावर कुठेही ठेवू शकतो. या एका नियमाने खेळ बदलतो, कारण मग बेफिकीर शॉट महागात पडतो आणि सेफ्टी खेळायची, म्हणजे समोरच्याला सोपा शॉट न ठेवण्याची, अक्कल येते.

सरावाची सुरुवात स्टॉप शॉटने करा. समोरचा बॉल पॉकेटमध्ये आणि पांढरा जिथे लागला तिथेच थांबलेला. तो दहापैकी नऊदा जमेपर्यंत स्क्रू (पांढरा मागे खेचणं) आणि साइड (त्याला बाजूने फिरकी देणं) यांच्या नादी लागू नका. क्लबात मुरलेला मार्कर, म्हणजे टेबलं सांभाळणारा आणि गुण मोजणारा माणूस, असेल तर त्याच्याकडे शिका. अनेक चांगल्या खेळाडूंचे हात मार्करनीच घडवले आहेत, आणि त्यांना प्रशिक्षकाचा मान मिळायला हवा.

कॅरम चांगला खेळतो. पूल पटकन येईल का?

कोन लवकर समजतील. कट कुठे द्यायचा, कडेला आपटून सोंगटी कशी परत येते, हे तुमच्या डोळ्यांना आधीच ठाऊक आहे. दोन गोष्टी मात्र नव्याने शिकाव्या लागतील. स्ट्रायकर घसरतो, बॉल लोळतो आणि फिरतो, त्यामुळे पांढऱ्या बॉलच्या मध्यावर मारलं, वर मारलं की खाली मारलं यावर टक्कर झाल्यानंतरचा त्याचा मार्ग ठरतो. दुसरं, कॅरममध्ये प्रत्येक वेळी स्ट्रायकर तुमच्या रेषेवर, तुमच्या हातात परत येतो. पूलमध्ये पांढरा बॉल जिथे थांबला तिथूनच पुढचा शॉट. म्हणून पहिले काही आठवडे बॉल किती टाकले हे मोजू नका. शॉट मारण्याआधी पांढरा कुठे थांबेल ते मोठ्याने सांगा, त्या जागेसमोर चॉकचा तुकडा टेबलाच्या कडेवर ठेवा, आणि मग मारा.